विश्लेषण : त्याच डोंगरात रेल्वे साडेसात वर्षांत झाली, महामार्ग का रखडला? काम ‘वाटणे’ आणि ‘सोपवणे’ यात फरक काय?

रत्नागिरीहून निघालेली एसटी हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्गाला लागते आणि थोड्याच वेळात पालीत येते. लक्ष्मीपल्लीनाथाचे हे गाव. येथून एक रस्ता लांजा, राजापूरकडे जातो, तर दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला. दोन राष्ट्रीय महामार्ग ज्या पट्ट्यात भेटतात तेथील लोकांनी गेली काही वर्षे धूळ, डायव्हर्शन, अर्धवट काँक्रीट आणि ‘या गणपतीपर्यंत नक्की’ ही घोषणा यांच्या सोबतीने काढली आहेत.

याच तालुक्यात, हातखंबा–पालीच्या परिसरातील डोंगरांच्या पोटातून, कोकण रेल्वे धावते. रत्नागिरी आणि निवसर या दोन स्थानकांच्या दरम्यान चार किलोमीटरहून थोडा लांब टिके बोगदा आहे आणि ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरील पूलही. पाऊस तोच, जांभा तोच, सरकारी यंत्रणाही साधारण तीच. तरीही रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९० ते १९९८ या काळात बांधून झाला आणि २०११ मध्ये पनवेलच्या बाजूने सुरू झालेले महामार्गाचे चौपदरीकरण मुदतीमागून मुदती ओलांडत राहिले.

या फरकाची कारणे अनेक आहेत. त्यातले एक मात्र फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातात होता.

कोकण रेल्वेने वेगळे काय केले?

आधीचा अनुभव उत्साह वाढवणारा नव्हता. आपटा ते रोहा हा जेमतेम ६२ किलोमीटरचा तुकडा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाती घेतला गेला आणि रोह्याला गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पात जे चार पैसे वाट्याला येतील त्यावर काम चालायचे. त्याच वेगाने गेलो असतो तर मंगळूर कधी आले असते, हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही मांडता येईल.

१९८९ च्या अखेरीस केंद्रात सत्ताबदल झाला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र कंपनी काढण्याचा निर्णय झाला आणि १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा होता. नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना प्रमुख नेमण्यात आले. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली.

मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला होते. प्रत्यक्ष कामासाठी मार्गाचे सात भाग करण्यात आले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. एकट्या रत्नागिरीच्या नावाने दोन भाग आहेत, यावरूनच येथील भूगोलाची कल्पना यावी. उक्षी आणि भोके स्थानकांमधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा याच जिल्ह्यात आहे.

नकाशावर सात रेघा मारणे कोणालाही जमते. खरी गोष्ट पुढची होती. रेल्वेच्या नेहमीच्या पद्धतीत जागेवरच्या अभियंत्याने टिपण लिहायचे, ते विभागात जायचे, तेथून झोनकडे, तेथून रेल्वे बोर्डाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचे. कंपनीमुळे ही उतरंड मोडली. मुख्य अभियंता जागेवर राहणार, अडचण त्याला दिसणार आणि तिच्यावरचा निर्णयही बहुतांश त्यानेच घ्यायचा, अशी घडी श्रीधरन यांनी बसवली.

पानवलच्या पुलाचेच उदाहरण घ्या. खांब साधारण वीस-एकवीस मजली इमारतीइतके उंच. खालून आधार देत वरचा भाग बांधणे अवघड, म्हणून तो दरीच्या एका कडेला तुकड्या-तुकड्याने ओतून पुढे ढकलत नेण्याची पद्धत वापरली गेली. पूल ४२४ मीटर लांबीचा. अशा कामात आज ढकलायचे की उद्या, जॅक किती सरकवायचा, वारा वाढला तर थांबायचे का, असे प्रश्न रोज पडतात. बेलापूरला बसलेल्या माणसाने, तो कितीही हुशार असला तरी, त्यांची उत्तरे दिली असती तर ती उशिराच पोहोचली असती.

मग साहेबांनी स्वतःकडे काय ठेवले?

काम सोपवण्यावरची बहुतेक भाषणे येथे घसरतात. ‘माणसांवर विश्वास टाका’ असे सांगून वक्ता मोकळा होतो. श्रीधरन यांनी सगळे सोडून दिले नव्हते. त्यांच्या हातात राहिलेल्या गोष्टी मोजक्या होत्या, पण त्यांत तडजोड नव्हती.

पहिली गोष्ट मापदंडांची. मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखायचा. चढ दीडशे मीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको. वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नको. हे आकडे ठरले की मुख्य अभियंत्याची चौकट आपोआप आखली जाते. डोंगर आडवा आला तर बोगदा खणायचा की बाजूने भराव टाकायचा, याचा विचार तो करेल. पण बोगदा टाळायला वळण तीव्र करतो, असे तो म्हणू शकणार नाही. नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल या मार्गावर आले ते या चौकटीमुळेच.

दुसरी गोष्ट तारखेची. किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी मोजणारी घड्याळे श्रीधरन यांच्या कार्यालयांची ओळखच बनली. पुढे दिल्ली मेट्रोतही ती दिसली. घड्याळ काही कोणाला ओरडत नाही, पण त्याच्यासमोर बसून ‘फाइल वर पाठवली आहे’ हे उत्तर देणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट पैसा आणि राजकारणाची. रोखे, चार राज्य सरकारे, दिल्लीतील मंत्रालय यांची डोकेदुखी साइटवरच्या अभियंत्याकडे ढकलली गेली नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, न्यायमूर्ती ओझा आयोग नेमला गेला, काही काळ काम थांबले. तो वाद सोडवणे मडगावच्या अभियंत्याचे काम नव्हते आणि तसे कोणी मानलेही नाही.

म्हणजे वरच्याने मापदंड, मुदत आणि बाहेरचे वादळ अंगावर घेतले, तर खालच्याने रोजचे निर्णय. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत नेमके उलटे असते. साहेब स्टेशनरीच्या बिलावर सही करतात आणि वरून ओरडा आला की तो लेखनिकापर्यंत जसाच्या तसा पोहोचवतात.

नेतृत्व शिकवता येते का?

श्रीधरन स्वतः कसे घडले, यात याचे उत्तर मिळते. डिसेंबर १९६४ मध्ये चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल उद्ध्वस्त झाला. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत धरली गेली. दक्षिण रेल्वेच्या वरिष्ठांनी ती निम्म्यावर आणली आणि काम अवघ्या ३२ वर्षांच्या श्रीधरन यांच्याकडे दिले. समुद्रात वाहून गेलेले गर्डर स्थानिक मच्छीमारांच्या मदतीने शोधून काढून तेच पुन्हा बसवण्यात आले आणि पूल ४६ दिवसांत उभा राहिला.

या गोष्टीतला विक्रम सगळ्यांना आठवतो. पण तिशीतल्या अधिकाऱ्याकडे एवढे काम देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला होता, हे आठवत नाही. काम फसले असते तर जबाब त्या वरिष्ठांनाही द्यावा लागला असता. पुढे पंचवीस वर्षांनी कोकणात सात जणांच्या हाती शंभर-शंभर किलोमीटर देताना श्रीधरन यांनी तोच धोका पत्करला. १९९७ च्या अखेरीस त्यांनी दिल्ली मेट्रोची सूत्रे घेतली, तेव्हा कोकण रेल्वेचा शेवटचा, गोव्यातील पेडणे बोगद्याचा मऊ मातीतला हट्टी तुकडा पुरा व्हायचा होता. तो झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला आणि १ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत त्याचे लोकार्पण केले. प्रमुख बदलूनही काम अडले नाही, ही सोपवण्याची सर्वात कठीण परीक्षा म्हणावी लागेल.

एवढ्या मोठ्या प्रकल्पाचे उदाहरण घरातल्या धंद्याला लागू पडते का?

पालीच्या आसपासच्या कोणत्याही हापूस बागायतदाराला विचारले तर तो हसेल, कारण तो दर हंगामात हेच करतो. झाडावर चढलेला गडी झेल्याने आंबा उतरवतो. फळ चौदा आणे तयार आहे की नाही, याचा निर्णय क्षणात घ्यायचा असतो आणि तो वर, फांदीवर घ्यायचा असतो. मालक खाली उभा राहून ‘तो नको, तो पलीकडचा’ असे ओरडत राहिला तर दिवसाला चार पेट्याही भरणार नाहीत. म्हणून तो हंगामाच्या सुरुवातीला गड्याला जवळ बसवून दाखवतो : देठाजवळ खळगा पडलेला, खांदे वर आलेले, रंग जरा उतरलेला, हे फळ चालेल. हे कोवळे, हे नको. पहिले दोन दिवस पेटीतली फळे दोघे मिळून पाहतात. चूक झाली तर कोवळे फळ हातात देऊन ‘हे का काढलेस?’ असे विचारले जाते. गडी नेपाळहून आलेला असो की शेजारच्या वाडीचा, आठवड्याभरात त्याची नजर तयार होते.

याच बागेत बिघडवण्याची पद्धतही पाहायला मिळते. काही मालकांना राहवत नाही. गड्याने भरलेली प्रत्येक पेटी ते पुन्हा उपसतात, फळे इकडची तिकडे करतात, पण काय चुकले ते सांगत नाहीत. दोन दिवसांत गड्याला कळते की आपण पाहिले काय आणि न पाहिले काय, मालक परत बघणारच. मग तो पाहणे सोडतो. त्यानंतर ‘आजकाल माणसे लक्ष देत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

किराणा दुकान, बचत गट, गावचे गणेशोत्सव मंडळ, सरपंचाचे कार्यालय, कोठेही हीच अडचण दिसते. ‘तू फक्त सामान आण, दर मी फोनवर ठरवतो’ असे सांगितले की मुलगा हमाल राहतो. ‘पाच हजारांपर्यंत तुझा निर्णय, त्यावर मला विचार आणि संध्याकाळी हिशोब दाखव’ असे सांगितले की तो दुकानदार होऊ लागतो. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनशे रुपयांना फसेल. ती शिकवणीची फी समजायची. अर्थात पाच हजारांची मर्यादा आधी सांगायला हवी. नुकसान झाल्यावर मर्यादा आठवणारे मालक काही कमी नाहीत.

महामार्गाचेही तुकडे केले होते, मग?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबई–गोवा महामार्गाचेही भाग पाडले गेले. पनवेल ते इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूर ते झाराप राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे गेला. दुसऱ्या भागाची पुन्हा अनेक टप्प्यांत विभागणी झाली. पाली ज्यात येते तो कांटे ते वाकेड हा टप्पा आणि त्याच्या उत्तरेचा आरवली ते कांटे हा टप्पा सर्वाधिक रखडलेल्यांपैकी. येथे मूळ ठेकेदार बदलण्याची वेळ आली. चिपळूणमध्ये बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयातही गेले.

तुकडे दोन्हीकडे झाले. रेल्वेत प्रत्येक तुकड्यावर एक माणूस होता आणि त्या सातांच्या वर एकच प्रमुख. महामार्गावर केंद्राचे मंत्रालय, प्राधिकरण, राज्याचा विभाग, भूसंपादन करणारे महसूल अधिकारी आणि ठेकेदार अशी साखळी आहे. पालीच्या बाजारपेठेसमोर खड्डा का आहे, असे विचारले तर साखळीतला प्रत्येक जण पुढच्या कडीकडे बोट दाखवू शकतो आणि प्रत्येकाचे म्हणणे कागदोपत्री खरेही असू शकते. काम वाटले गेले, पण ‘हे माझे’ असे म्हणणारा अधिकार कोणालाच पुरता मिळाला नाही.

तुलना मात्र ताणू नये. रेल्वे नव्या जागेतून गेली, तर महामार्ग वर्षानुवर्षे वाढलेल्या बाजारपेठा, घरे, दुकाने यांच्या मधून रुंद करायचा होता, तोही वाहतूक चालू ठेवून. रेल्वेलाही चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जागा घ्यावी लागली, पण तेव्हा जमिनीचे भाव आजचे नव्हते आणि रेल्वे यावी ही कोकणी माणसाची ओढ मोठी होती. शिवाय कोकण रेल्वे ठरल्या मुदतीत झाली नाही. पाच वर्षांचे काम साडेसात वर्षांवर गेले, खर्च वाढून साडेतीन हजार कोटींच्या आसपास पोहोचला, कर्जाच्या व्याजाने महामंडळ पुढे अनेक वर्षे वाकले. बोगद्यांच्या कामात कामगारांचे जीवही गेले. कामे सोपवण्याच्या पद्धतीने हे टळले नाही.

निर्णयाचा अधिकार शेवटच्या माणसापर्यंत जातो का?

कोकण रेल्वेला हा धडा मार्ग सुरू झाल्यानंतर मिळाला आणि फार महाग पडला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली. पन्नासवर प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दगडांमुळे घसरली. दरड कोसळते त्या क्षणी तेथे मुख्य अभियंता नसतो, स्टेशनमास्तरही नसतो. असलाच तर गस्तीवरचा ट्रॅकमन असतो, ज्याला गावात अजूनही गँगमनच म्हणतात.

आज पावसाळी वेळापत्रक लागू झाले की मार्गावर शेकडो कर्मचारी गस्तीला असतात. कटिंगच्या धोक्याच्या जागी चोवीस तास पहारा असतो. रत्नागिरी, चिपळूण, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक बसवले आहेत. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, ही सूचना लोकोपायलटला असते. अमुक ठिकाणी अमुक वाजता वेग कमी कर, असे त्याला नियंत्रण कक्षातून सांगावे लागत नाही. दिसते की नाही, हे केबिनमध्ये बसलेल्यालाच कळते.

गस्तीवाल्याचा अधिकार तर याहून मोठा. रुळावर दगड, पाणी किंवा खचलेली माती दिसली की गाडी थांबवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. लाल दिवा दाखवत तो गाडीच्या दिशेने धावतो, ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधतो आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की स्फोटाचा आवाज होतो आणि लोकोपायलट ब्रेक लावतो. राजधानी असली तरी थांबते. हे काम एकदा वाचून येत नाही, म्हणून फटाका कसा बांधायचा, किती अंतरावर, दोन्ही बाजूंनी गाडी येण्याची शक्यता असेल तर आधी कोणत्या बाजूला धावायचे, याची तालीम आणि परीक्षा वेळोवेळी घेतली जाते. धोका वाटून गाडी थांबवली आणि दगड बाजूलाच पडलेला निघाला, तर त्या माणसाला झापायचे नसते. एकदा झापले की पुढच्या रात्री तो खात्री करून घेत बसेल.

त्याच्यावर देखरेखही असते, पण डोक्यावर उभे राहून नव्हे. प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेले अंतर असते. ते चालून गेल्यावर टोकाला शेजारच्या टप्प्यातला गस्तीवाला भेटतो आणि दोघे आपापली गस्त-पुस्तिका बदलतात. पुस्तिका पुढे पुढे जात स्टेशनमास्तरपर्यंत पोहोचते, तो वेळ लिहून सही करतो. पुस्तिका वेळेवर आली नाही, तर मधल्या अंतरात काहीतरी घडले आहे हे त्याला कळते. मग पुढच्या गाडीला थांबवायचे की सावध करून सोडायचे, हे ठरवायची पाळी त्याची असते.